नोडले नावं नीट द्या

मा. संपादक साहेब,

आपल्या पुरवणीत लाटेकवर (कोड लिहून मजकूर छापायसाठी मांडायचं सॉफ्टवेअर) लेख येतात, आवडीनं वाचतो, पण टिकझेडच्या (लाटेकमधी कोडनं चित्र काढायचं पॅकेज) आकृतीत नोडले, म्हंजे आकृतीतल्या एकेक ठोकळ्याले, नावं कशी द्यायची हे कोणी सांगतच नाही म्हणून लिहून राहिलो. आमच्या मोर्शी-वरुडकडची पोरं प्रोजेक्टसाठी संत्र्याच्या बागेतलं ठिबक काढतात, झाड तेच तेच परत, मंग फॉरईच (तोच कोड परत परत चालवणारा लूप) लावतात अन् आतल्या नोडले नुसतं 'ट्री' नाव देऊन मोकळे. झाडं सगळी दिसतात, एरर बी येत नाही, पण नाव शेवटच्या झाडालेच चिकटते, आता पाइपाची रेघ तिसऱ्या झाडाले जोडायची कशी? लूपचा आकडा नावात टाका, ट्री-१, ट्री-२, झालं काम. मधात टिंब नका देऊ, टिंबाच्या पुढचं टिकझेड अँकर, म्हंजे नोडवरची ठरावीक जागा, समजते.

झाड, नळी, ड्रिपर असा अख्खा तुकडाच रिपीट होत असन तर पिक (परत परत वापरता येणारी छोटी आकृती) वापरा, २०१३ च्या ३.० व्हर्जनपासून आहे ते. आतल्या नोडचं नाव डॅशनं सुरू करायचं, -ड्रिपर असं, अन् पिकले ए, बी नाव द्यायचं, की बाहेरून ए-ड्रिपर, बी-ड्रिपर सापडते. आतमधी मात्र नुसतं -ड्रिपर लिहिलं तरी चालते, हे मले लय आवडलं. दोन वेगळ्या आकृत्या जोडायच्या तर दोन्हीत रिमेंबर पिक्चर (नोडची पानावरची जागा लक्षात ठेवते), रेघेच्या आकृतीत ओव्हरले (रेघेसाठी पानावर वेगळी जागा धरत नाही) हे ऑप्शन टाका, अन् फाइल दोनदा रन करा.

एखादी अशी आकृती कोडसकट छापा ना साहेब, फक्त उलटा स्लॅश गाळू नका.

एक शिक्षक, ता. मोर्शी, जि. अमरावती