मॉर्फिन, हळद आणि आप्पांचे दुखणे

महोदय,

माझ्या आप्पांना कर्करोगाच्या वेदनांसाठी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू आहेत. मात्रा वाढवावी लागली, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण सांगू लागला, 'हळद-मिरीचा काढा द्या, अश्वगंधा द्या, गोळीची सवय लागणार नाही.'

हा सल्ला अगदीच हवेतला नाही. अश्वगंधेमुळे उंदरांमध्ये वारंवार दिलेल्या मॉर्फिनचा परिणाम हळूहळू ओसरत जाणे कमी होते, हे भारतीय संशोधकांनी १९९७ मध्येच प्रसिद्ध केले. हळदीतल्या कर्क्युमिनचेही असे प्रयोग झाले, तेही उंदरांवरच. पण जेवणातली हळद शरीरात फारच थोडी शोषली जाते, आणि उंदीर म्हणजे आमचे आप्पा नव्हेत.

मिरीबद्दल तर जास्त सावध राहायला हवे. मॉर्फिनच्याच वर्गातले फेंटॅनिलसारखे वेदनाशामक यकृतातल्या ज्या विकराने (एन्झाइमने) विघटित होते, त्यालाच मिरीतले पायपेरीन अडवते. म्हणजे तसले औषध अंगात साचण्याची शक्यता. मॉर्फिनने गुंगी येते, अश्वगंधेनेही येऊ शकते. दोन्ही एकत्र झाले तर वयस्क माणसाच्या श्वासाचे काय?

शरीर औषधाला सरावणे म्हणजे व्यसन नव्हे, हेही लोकांना कळत नाही. त्या भीतीने आम्हीच आठवडाभर गोळ्या कमी दिल्या. आप्पा रात्रभर कण्हत होते. ते आठवले की अजून जीव कासावीस होतो.

यावल-रावेरकडच्या खेड्यांत हे समजावून सांगणारे कोणी नाही. आपल्या दैनिकाने वेदनाशमन तज्ज्ञांचे सदर सुरू करावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ता. यावल, जि. जळगाव