१०१ चा शेजारी

रामबाग, इंदूर

प्रिय बंड्या,

तुझा बडोद्याचा फ्लॅट १०१ आणि समोरचा १०३! बायको म्हणाली, पत्रात घराचं काही लिहिलंय का? मी म्हटलं, लिहिलंय की, जोडमूळ संख्या, म्हणजे दोनाच्या अंतरावरच्या दोन मूळ संख्या! सातवीत ९१ मूळ म्हणून अडून बसलेला तूच ना? सरांनी तेराचा पाढा लिहायला लावला तेव्हा गाडी रुळावर आली.

परवा सकाळी पोह्यांच्या तेलकट कागदावरच हिशेब मांडला. (३, ५) सोडली तर प्रत्येक जोडी सहाच्या पटीला दोन्ही बाजूंनी चिकटलेली असते, धाकटा एकाने अलीकडे, थोरला एकाने पलीकडे. आता फ्रेंच गणितज्ञ सोफी जर्मेनच्या संख्या घे: मूळ संख्येची दुप्पट अधिक एक, तीही मूळच. ११ वरून २३, २९ वरून ५९. दोघेही धाकटे! थोरले घेऊन बघ: १३ वरून २७, १९ वरून ३९, ३१ वरून ६३. सगळ्यांना तीनाने भाग जातो आणि पुढेही जाणारच, कारण सहाच्या पटीपलीकडच्या त्या एकाची दुप्पट दोन, वर आणखी एक, झाले तीन. ५ तेवढा दोन्ही घरचा पाहुणा, (३, ५) मध्ये थोरला, (५, ७) मध्ये धाकटा, आणि उपाशीही नाही: ५ वरून ११, मूळच. तुझा १०१ मात्र धाकटा असूनही नापास. २०३ म्हणजे सात गुणिले २९, भिया!

मग फर्माच्या मूळ संख्यांकडे वळलो: २, ४, १६, २५६ असा वर्गाचा वर्ग करत जायचं, एक मिळवायचा, आणि उत्तर मूळ आलं तर ती फर्माची. माहीत आहेत त्या पाचच: ३, ५, १७, २५७, ६५५३७. २५७ बिचारा एकटा. खाली २५५, वर २५९ म्हणजे सात गुणिले ३७. पण ६५५३७ ला ६५५३९ हा जोडीदार आहे म्हणतात. म्हणतात म्हणजे काय, करून बघूया म्हटलं. २५१ पर्यंतच्या एकेका मूळ संख्येने भागत बसलो. ११३ ला धस्स झालं: ११३ गुणिले ५८० म्हणजे ६५५४०. एकाने वाचला! रात्री साडेअकराला संपवलं तेव्हा घरातले सगळे झोपले होते, सांगायचं कुणाला?

अशा जोड्या अनंत आहेत का, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. २०१३ मध्ये गणितज्ञ यितांग झांग यांनी दाखवलं, की सात कोटींपेक्षा कमी अंतरावरच्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. वर्षभरात इतरांनी ते अंतर २४६ वर आणलं. आपल्याला हवेत दोन.

दिवाळीला येतोस ना? आई रोज विचारते. आणि १०३ वाल्यांशी ओळख झाली का, ते कळव.

तुझाच,
बाळ्या