सिस्टरांच्या खोलीसाठी आवाहन

सर्व सभासद, देणगीदार, ग्रामस्थ आणि मुंबई-पुण्यातील आपल्या चाकरमानी बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

गणपती तोंडावर आले आहेत. आपण गावी येण्याआधी हे पत्र हाती पडावे म्हणून कार्यकारी मंडळाचा ठराव होताच लिहायला बसले आहे. मागणी एकच आहे. आपल्या ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरांना कपडे बदलायला, दोन घास खायला आणि रात्रपाळीत घटकाभर पाठ टेकायला एक खोली बांधायची आहे. खोलीला लागून त्यांचे स्वतःचे शौचालय आणि न्हाणीघर, आणि दाराला आतून लागणारी मजबूत कडी.

रुग्णालयाला मदत करणाऱ्या आपल्या समितीने हाक मारली आणि हा तालुका धावून आला नाही असे फार क्वचित झाले आहे, आणि ते मला सर्वांत आधी लिहायचे आहे. बाळंतिणींच्या डब्याचेच पाहा. कन्याशाळेच्या मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरातून मऊ भात, मेतकूट आणि आळिवाचे लाडू रुग्णालयात न्यायला सुरुवात केली. तेव्हा समितीकडे ना पैसा होता ना भांडी. बाईंनी स्वतःचे डबे दिले, पुढे वाडीवाडीतल्या बचत गटांनी वार वाटून घेतले, आणि आज बाई नाहीत तरी एकाही दिवशी बाळंतीण उपाशी राहिलेली नाही. बाजारपेठेतल्या अण्णांनी ओपीडीच्या व्हरांड्यात पाण्याचा कूलर आणि बाके दिली, ती आपल्या आईच्या वर्षश्राद्धाचा खर्च टाळून. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने वर्षानुवर्षे दहा-दहा, वीस-वीस रुपये जमवून मृतदेह ठेवायची थंड शवपेटी आणली. परळ-लालबागच्या एका खोलीत आठ-आठ जण राहून, गिरणीत पाळ्या करून ज्यांनी हे पैसे पाठवले, त्यातले कितीतरी आता हयात नाहीत. त्यांची आठवण ठेवल्याशिवाय समितीची एकही सभा सुरू होत नाही.

आणि २०२१ चा मे महिना कोण विसरेल? कोरोनाची दुसरी लाट भरात होती आणि १६ मे रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेले. झाडे आडवी, रस्ते बंद, तारा तुटलेल्या. वीज केव्हा येईल ते कोणी सांगू शकत नव्हते. वॉर्डात प्राणवायूवर माणसे होती. डंपरवाल्या मंडळींनी स्वतःच्या गाड्यांच्या टाक्या रिकाम्या करून जनरेटरला डिझेल पुरवले, आणि चाकरमान्यांनी पाठवलेली ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर यंत्रे त्या डिझेलवर चालली. या साऱ्यांचा सत्कार आपण केला, वर्तमानपत्रात फोटो आले, ते योग्यच झाले. पण त्या दिवसांत ज्या सिस्टर घरी न जाता रुग्णालयातच राहिल्या, त्या कुठे झोपल्या हे कोणी विचारले का? त्या औषधांच्या खोक्यांवर चादर टाकून झोपल्या, पाळीपाळीने. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

मागच्या वर्षी याच दिवसांत याच खोलीसाठी समितीने पत्र काढले होते. कूलरला देणगीदार मिळाला होता, शवपेटीसाठी तर लोक वर्षानुवर्षे देत राहिले होते. खोलीच्या पत्राला मात्र मोजकी उत्तरे आली. एका सद्गृहस्थांनी विचारले, त्यांना सरकार पगार देते ना? दुसऱ्यांनी विचारले, आमच्या नावाची पाटी कुठे लागेल? पाटी त्या खोलीच्या दारावरच लागेल, आणि ती खोली मागच्या बाजूला आहे, तिथे रुग्ण किंवा नातेवाईक फिरकत नाहीत, हे खरे सांगितल्यावर त्यांनी पुन्हा फोन केला नाही. मनाला लागले. राग धरून काम होत नाही, म्हणून पुन्हा लिहीत आहे.

तेव्हा आधी त्या पगाराच्या प्रश्नाचे उत्तर. कायमच्या नेमणुकीवरील अधिपरिचारिकेला शासनाचा पगार मिळतो, तो तिच्या कामाचा. वॉर्डात तिच्या बरोबरीने तेच काम करणारी राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी सिस्टर त्याहून बऱ्याच कमी मानधनावर असते, आणि करार वाढेल की नाही ही टांगणी वेगळीच. हीच पदे बाह्यस्रोतामार्फत भरण्याचा घाट घातला गेला तेव्हा मे २०२२ मध्ये राज्यभरातल्या परिचारिका संपावर गेल्या होत्या, ते आपण वाचले असेल. पण या दोघींपैकी कोणाच्याही पगारातून रुग्णालयाच्या आवारात भिंत उभी राहत नाही.

आता रात्रपाळी म्हणजे काय ते ऐका. रात्री आठ ते सकाळी आठ. तीस खाटा. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका, आणि रजा-सुट्टीसाठी वर तीस टक्के जादा, असा आहे. आपल्याकडे कित्येक रात्री सगळ्या रुग्णालयाला एकच सिस्टर असते, सोबतीला एक मावशी. भाद्रपदात गवत कमरेएवढे वाढलेले, फुरसे या विषारी सापाचा दंश झालेला रुग्ण येतो. सिस्टर कोरड्या काचेच्या नळीत त्याचे रक्त घेते, वीस मिनिटे नळी न हलवता ठेवते, मग कलती करून पाहते. रक्त गोठलेले नसेल तर विष भिनले आहे, डॉक्टरांच्या सांगण्यावरून प्रतिविषाचे सलाईन सुरू, आणि ते अंगावर उलटत तर नाही ना म्हणून रुग्णापासून हलायचे नाही. त्याच वेळी आत लेबर रूममध्ये कोणी मोकळी झालेली असते. बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब आणि रक्तस्राव पाहायचा असतो, कारण रक्त जाऊ लागले तर हातात फार वेळ राहत नाही. तिकडे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या संशयाने दाखल झालेल्याचा ताप चढलेला. यात दारू पिऊन आलेला एखादा नातेवाईक, डॉक्टर कुठे आहेत म्हणून तिच्या अंगावर ओरडणारा. सगळे निस्तरून सकाळी रजिस्टर भरायची, संगणकावर नोंदी करायच्या, आणि पुढच्या पाळीला ओव्हर, म्हणजे रुग्णांची सगळी माहिती, दिल्याशिवाय जायचे नाही.

एवढ्या बारा तासांत तिला स्वतःसाठी जागा कोणती? कपडे बदलायला धुतलेल्या चादरींची खोली. तिची कडी कधीची तुटली आहे, म्हणून लोखंडी कपाटाची दोन दारे उघडून आडोसा करायचा आणि मावशीने बाहेर उभे राहायचे. मावशी लेबर रूममध्ये अडकली असेल तर तोही आधार नाही. शौचालय नातेवाइकांच्या बरोबरीचे, रात्री दिवा नसलेले. आमच्याशी मोकळेपणाने बोलणाऱ्या एका सिस्टरने सांगितले की ड्यूटीवर ती पाणीच पीत नाही. मूत्रमार्गाच्या संसर्गाचे दुखणे घेऊन ती दुसऱ्यांच्या सलाईनकडे पाहते आहे. मासिक पाळीच्या दिवसांत काय होत असेल ते बायकांना मी सांगायला नको. रक्ता-पाण्याने भिजलेला गणवेश धुवायला आणि अंग स्वच्छ करायला न्हाणीघर नाही, म्हणून तोच गणवेश पिशवीत भरून घरच्या लेकरांत न्यायचा.

सिस्टरांची निवासस्थाने राहण्यास अयोग्य ठरून कुलूपबंद आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे निम्म्या सिस्टर एसटीने ये-जा करतात. दुपारपाळी रात्री आठला सुटते, त्यांच्या वाटेची शेवटची गाडी त्याआधीच गेलेली असते. मग कोणाचा भाऊ किंवा नवरा दुचाकी घेऊन आला तर ठीक, नाहीतर ओपीडीच्या बाकावर बसून रात्र काढायची. एकशे ऐंशी दिवसांची प्रसूती रजा संपवून आलेली एक सिस्टर आहे. तिची सासू दुपारी तान्ह्याला घेऊन येते, आणि ती रुग्णवाहिकेच्या शेडमागे पायरीवर बसून त्याला पाजते. जी दिवसभर इतर आयांना स्तनपान कसे करावे ते शिकवते, तिची ही परवड आहे.

कडीचा आग्रह आम्ही का धरतो, तेही सांगते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग ड्यूटी संपवून कपडे बदलायला तळघरात गेल्या होत्या. तिथे त्यांच्यावर हल्ला झाला. पुढची जवळजवळ बेचाळीस वर्षे, १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत, त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या, आणि केईएमच्या परिचारिकांच्या एका पिढीमागून दुसरीने त्यांना पाठीला जखम होऊ न देता सांभाळले. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका शिकाऊ डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. ती लांबलेल्या ड्यूटीनंतर विश्रांतीला सभाकक्षात गेली होती. त्यानंतर २० ऑगस्टच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांना विश्रांतीच्या पुरेशा जागा नसणे, स्त्री-पुरुषांना वेगळ्या खोल्या नसणे, शौचालये नसणे ही सगळी यादी मांडली. तळघरापासून त्या सभाकक्षापर्यंत पन्नास वर्षे गेली. आपल्या राज्यात रुग्णालयातील हिंसेविरुद्ध २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि त्याचा फलक आपल्याही व्हरांड्यात लावलेला आहे. आम्हाला फलकाबरोबर दारही हवे आहे.

आपल्या तालुक्यातल्या जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेल्या कितीतरी मुली मुंबई, पुणे, गोव्याच्या खासगी रुग्णालयांत आहेत, त्यांचेही फोन समितीकडे येतात. तिथे चकचकीत चेंजिंग रूम असते, पण बारा-बारा तासांच्या ड्यूट्या, मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवलेली, आणि पगार सांगायला लाज वाटावी असा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही किमान वीस हजार रुपये वेतन आणि दोनशेहून अधिक खाटांच्या ठिकाणी शासकीय परिचारिकेएवढे वेतन सुचवले होते. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली, आणि आपल्या मुली अजून वाट पाहत आहेत. त्यांचा प्रश्न आपल्या ताकदीबाहेरचा आहे म्हणून गप्प बसणार नाही, त्यांच्यासाठी सल्ल्याचे काम समितीच्या निवृत्त मेट्रनबाई विनामोबदला करतातच. पण एक चांगली, अनुभवी सिस्टर आपल्या रुग्णालयात टिकून राहावी, बदली मागून निघून जाऊ नये, एवढे तर आपल्या हातात आहे. गेल्या काही वर्षांत ज्या ज्या गेल्या, त्यांनी जाताना याच गैरसोयी सांगितल्या.

आता हिशेब, थोडक्यात. रुग्णालयाच्या स्वतःच्या रुग्ण कल्याण समितीचा ठराव आणि वैद्यकीय अधीक्षकांची लेखी परवानगी मिळाली आहे, जागा ओपीडीच्या मागे, नकाशा मंजूर. चिऱ्याचे बांधकाम, वर स्लॅब, खोली, शौचालय, न्हाणीघर, चार खाटा, कुलपाची कपाटे, पाण्याची टाकी, आणि तिथपासून फाटकापर्यंत दिव्यांचे चार खांब. अंदाजपत्रक ६ लाख ८० हजार रुपये. मागील वर्षाची देणगी आणि समितीची शिल्लक धरून हाती २ लाख १० हजार. कमी पडतात ४ लाख ७० हजार. दसऱ्यानंतर पाऊस ओसरला की पाया खणायचा आहे, तोवर किमान निम्मी रक्कम हवी, नाहीतर ठेकेदार थांबणार नाही आणि हेही वर्ष जाईल. वस्तुरूपाने: चिरे सुमारे दीड हजार लागतील (खाणवाल्यांपैकी दोघांनी शब्द दिला आहे, बाकीच्यांनी कळवावे), सिमेंट, वाळू, लाद्या, पंखे, गाद्या चालतील, पण जुने फर्निचर कृपया आणू नये. गवंडी, सुतार, वायरमन यांनी एक दिवसाची मजुरी दिली तरी ती देणगीच धरून पावती देऊ. वाडीवार श्रमदानाची यादी पोलीस पाटलांकडे आहे. चेक समितीच्या नावे काढावा. क्यूआर कोड आणि खाते क्रमांक कार्यालयाच्या फलकावर आहेत, तिथूनच घ्यावेत, मोबाईलवर फिरत आलेल्या कुठल्याही दुसऱ्या क्रमांकावर पैसे पाठवू नयेत. देणगीवर आयकराची सवलत हवी असल्यास पॅन क्रमांक द्यावा आणि दोन हजारांवरची रक्कम रोख देऊ नये, रोखीवर ती सवलत मिळत नाही. कार्यालय गणपतीच्या पाचही दिवशी सकाळी १० ते १, गौरीविसर्जनाच्या दिवशी फक्त १२ पर्यंत. त्याच दिवशी दुपारी ४ वाजता कार्यालयात देणगीदारांची बैठक आहे, ज्यांना जागा पाहायची आहे त्यांनी अर्धा तास आधी यावे; वॉर्डात मात्र गर्दी करू नये, सिस्टर ड्यूटीवर असतील. प्रत्येक पैशाची पावती मिळेल आणि जमाखर्च तपासून कार्तिकी एकादशीला फलकावर लागेल.

आपली नम्र,
चिटणीस
(कार्यकारी मंडळाच्या वतीने)

ता. क. पावतीपुस्तके मुंबईत ग्रामस्थ मंडळाच्या खजिनदारांकडेही दिली आहेत. यंदा गणपतीला येता येणार नाही, त्यांनी तिथेच भरावे.