हवेचा हिशेब वर्षाचा हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शहरांतील हवेच्या बातम्या धुरके दाटले की पहिल्या पानावर येतात आणि वारा सुटून आभाळ निवळले की दिसेनाशा होतात. धुरक्याच्या दिवसांत दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांचे हाल होतात, त्यामुळे त्या बातम्या आवश्यकच आहेत. परंतु बारीक धूलिकणांमुळे होणारी हानी मोठ्या प्रमाणात वर्षानुवर्षे साचत जाते, तीही ज्या दिवशी हवा ठीकठाक दिसते अशा शेकडो दिवसांत, आणि नेमका हाच भाग चर्चेतून निसटतो.

अडीच मायक्रॉनपर्यंतचे हे कण, म्हणजे पीएम २.५, केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे असतात. जाडसर धूळ नाकात आणि घशात अडकते. हे कण मात्र थेट फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांतील सर्वांत सूक्ष्म कण रक्तातही उतरतात. म्हणूनच प्रदूषण म्हणजे खोकला आणि दमा, हा समज अपुरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये बाहेरच्या प्रदूषित हवेमुळे सुमारे ४२ लाख अकाली मृत्यू झाले आणि त्यांपैकी जवळपास दोनतृतीयांश हृदयविकाराने व पक्षाघाताने झाले. या मृत्यूंच्या दाखल्यांवर हवेचा उल्लेख जवळजवळ कधीच नसतो. लंडनमध्ये २०२० साली एका नऊ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने प्रदूषित हवा हे त्या मृत्यूचे एक कारण म्हणून नोंदवले, तेव्हा त्याची जगभर बातमी झाली; अशी नोंद किती दुर्मीळ आहे, हे त्यावरून कळते.

याच संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ची वार्षिक मर्यादा दर घनमीटरला १० मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणली, कारण जुन्या मर्यादेच्या खालीही आरोग्यावर परिणाम होत असल्याचे दरम्यानच्या काळातील अभ्यासांत आढळले होते. जगातील सुमारे ९९ टक्के लोक संघटनेच्या मर्यादांत न बसणारी हवा श्वासात घेतात. एखाद्या दिवशीचा आकडा ‘समाधानकारक’ गटात आला म्हणून निश्चिंत होणे त्यामुळे मला धोक्याचे वाटते.

स्वच्छ हवा आणि विकास यांतले एकच काहीतरी निवडावे लागेल, असे वारंवार ऐकवले जाते. जागतिक बँकेने २०१९ या वर्षासाठी काढलेला हिशेब याच्या उलट सांगतो. पीएम २.५मुळे होणाऱ्या आजारांची आणि मृत्यूंची किंमत त्या वर्षी ८.१ लाख कोटी डॉलर, म्हणजे जगाच्या एकूण उत्पन्नाच्या ६.१ टक्के इतकी होती. रस्ते, कारखाने आणि बांधकामे यांच्या जमाखर्चात ही रक्कम कुठेच दिसत नाही. ती घरोघरी औषधांवर, बुडालेल्या कामाच्या दिवसांत आणि मुलांच्या अपुऱ्या वाढलेल्या फुप्फुसांच्या रूपाने फेडली जाते. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये शहरी हवेसाठी जो मापदंड ठरवला आहे, तोही सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी हाच आहे.

मोजमाप दिवसाचे असले की उपायही दिवसापुरते होतात. पाण्याचे फवारे मारायचे, काही दिवस बांधकामे थांबवायची आणि वारा सुटला की सारे पूर्ववत सुरू करायचे. लंडनमध्ये १९५२च्या डिसेंबरात पाच दिवस टिकलेले धुरकेही वाऱ्यानेच हटवले होते. तेव्हा हजारो माणसे दगावली होती आणि धुरके विरल्यावरही तो विषय सुटला नाही म्हणूनच १९५६ चा स्वच्छ हवा कायदा झाला, ठरावीक भागांत धूर करणाऱ्या इंधनावर बंदी आली. आज वार्षिक सरासरी खाली आणायची, तर भरवशाची सार्वजनिक वाहतूक, स्वच्छ इंधन आणि उघड्यावर कचरा जाळण्याला कायमचा आळा, अशी वर्षभर नेटाने करायची कामे हाती घ्यावी लागतील.

आपल्या दैनिकाने रोजच्या निर्देशांकाशेजारी पीएम २.५ची मागील बारा महिन्यांची सरासरी, त्याआधीच्या बारा महिन्यांची सरासरी आणि ५ मायक्रोग्रॅमची मर्यादा असे तीन आकडे नियमितपणे छापावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आभाळ निवळलेले असेल त्या दिवशीही ते छापले जावेत.

आपला,
एक नियमित वाचक