चिठ्ठीच्या मागे मांडलेलं गणित

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. सोलापुरात ज्यांच्या घरी गिनीपिग आहेत त्यांना हे पत्र कुणासाठी आहे ते कळेलच. दवाखान्यातून निघताना ‘थँक्यू मॅडम’ म्हणून झालं होतं, पण तेवढ्याने भागत नाही. म्हणून चार लोकांना वाचता येईल असं लिहितोय.

तुम्ही बरंच काही केलंत. त्यातली मनात घर करून बसलेली गोष्ट मात्र अगदी लहान आहे. औषध ठरल्यावर तुम्ही चिठ्ठी उलटी केलीत आणि मागच्या कोऱ्या बाजूला गणित मांडलंत. वजन ८४० ग्रॅम. मेलॉक्सिकॅम, म्हणजे दुखणं कमी करायचं औषध, किलोमागे ०.५ मिलिग्रॅम, म्हणून ०.४२ मिलिग्रॅम. बाटलीत दर मिलीला १.५ मिलिग्रॅम, म्हणून ०.२८ मिली. मग पेन आमच्यापुढे केलंत आणि म्हणालात, “एकदा तुम्ही करून बघा. माझं कुठे चुकलं असेल तर आत्ताच सापडेल.”

गिनीपिगच्या बाबतीत डॉक्टरचा सल्ला मानायचा की नाही, हा प्रश्न या गावात पाळणाऱ्या प्रत्येकाला छळतो. तुमच्या त्या एका वाक्याने तो सुटला. एक किलोच्या आतला जीव. दशांश चिन्ह एक घर सरकलं की औषध दहापट होतं. हे गणित डॉक्टरच्या डोक्यात राहिलं तर चूक कुणालाच दिसत नाही. कागदावर आलं तर पाचवीतलं पोरही ती पकडू शकतं. शिवाय मेडिकलवाला ‘हे संपलंय, त्यातलंच दुसऱ्या कंपनीचं देतो’ म्हणतो तेव्हा बाटलीतलं प्रमाण बदललेलं असू शकतं, आणि मिलीचा आकडा नव्याने काढावा लागतो. मागे आकडेमोड असली तर ते घरी बसून जमतं. नुसतं ‘पाव मिली’ लिहिलं असेल तर नाही जमत.

आता याआधी दुसरीकडून मिळालेल्या चिठ्ठ्यांबद्दल. वजनाची जागा कोरी. ‘अर्धा चमचा सकाळ-संध्याकाळ’. आणि औषध कोणतं, तर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिडचं सिरप, कुत्र्या-मांजरांना सर्रास देतात ते. गिनीपिगच्या पोटात गवत पचवायला मदत करणारे जंतू असतात. अमॉक्सिसिलिनसारखं पेनिसिलिन गटातलं औषध पोटात गेलं की ते मरतात, मोकळ्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू माजतात आणि त्यांचं विष आतड्यात भिनतं. खाणं सुटतं, जुलाब लागतात, अंग गार पडतं, आणि थोड्याच दिवसांत जीव जातो. लोक म्हणतात आजाराने गेला. गेलेला असतो औषधाने. अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन, तोंडावाटे द्यायची सेफॅलोस्पोरिन, ही नावं गिनीपिगच्या चिठ्ठीत दिसली तर औषध पाजायच्या आधी थांबावं. पेनिसिलिन गिनीपिगला मारतं हे १९४० च्या दशकापासून माहीत आहे. पुस्तक उघडलं की सापडतं. त्याबद्दल विचारल्यावर ‘डॉक्टर तुम्ही की मी?’ असं ज्या टेबलापलीकडून ऐकावं लागतं, तिथून पिंजरा उचलून सरळ बाहेर पडावं.

पायांचं तसंच. गिनीपिग मागचे पाय ओढतो, उचलला की ओरडतो, सांधे सुजलेले, केस पिंजारलेले. लगेच ‘कॅल्शियम कमी आहे’ म्हणून गोड सिरप हातात. तुम्ही पहिला प्रश्न विचारलात तो खाद्याच्या पाकिटाबद्दल : कधी तयार झालेलं, कधी फोडलेलं? गिनीपिगला माणसासारखंच क जीवनसत्त्व शरीरात बनवता येत नाही. दोन-तीन आठवडे ते मिळालं नाही की स्कर्व्ही सुरू होतो, हिरड्यांतून आणि सांध्यांत रक्त उतरतं. पाकिटातल्या गोळीखाद्यातलं क जीवनसत्त्व तयार झाल्यापासून साधारण तीन महिन्यांत बरंचसं उतरतं, आणि आपल्याकडच्या उन्हात ते त्याहून लवकर उतरतं. सुट्या खाद्यावर तर तारीखच नसते. अशा वेळी कॅल्शियम देऊन दुखणं हलत नाही. उलट जास्तीचं कॅल्शियम लघवीतून बाहेर पडतं, मूत्राशयात गाळ साचतो, खडे होतात. एका चुकीच्या निदानातून दुसरा आजार उभा राहतो.

तुम्ही सांगितलेला उपाय इतका साधा की लिहून ठेवायलाच हवा. क जीवनसत्त्व रोज किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम, आजारपणात ५० पर्यंत, थेट तोंडात. लहान मुलांच्या थेंबांच्या बाटलीवर ‘१ मिलीत १०० मिलिग्रॅम’ असेल तर पाव मिलीत २५ मिलिग्रॅम झाले. पाण्याच्या बाटलीत टाकायचं नाही, कारण पाण्यात आणि उजेडात ते लवकर निकामी होतं, आणि चव बदलली म्हणून गिनीपिग पाणी प्यायचंही कमी करतो. मल्टिव्हिटॅमिन नको, त्यात अ आणि ड असतं आणि ते अंगात साठत जातं. लक्ष्मी मंडईतली ढोबळी मिरची रोज एक फोड, पेरूचा लहानसा तुकडा अधूनमधून, थोडी कोथिंबीर. आणि लसूणघासाबद्दलचा तुमचा इशारा : गवळ्याकडे सहज मिळतो म्हणून लोक रोज पेंढी घालतात, पण त्यात कॅल्शियम फार. वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला चालतो, मोठ्या नराला रोज नको. त्यापेक्षा सावलीत वाळवलेलं मारवेल गवत. परदेशी टिमोथी गवताच्या महागड्या पिशवीवाचून गिनीपिग जगत नाही असं समजणाऱ्यांना हे फार कामाचं आहे. कोवळी ज्वारी मात्र नाही. तिच्या फुटव्यात विष असतं हे आपल्या भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

दातांच्या वेळी तुम्ही जे बोललात त्याने विश्वास पक्का झाला. बाकीच्यांनी पुढचे दात वाढलेले पाहून नुसते कापून दिले असते. गिनीपिगला २० दात, आणि सगळेच आयुष्यभर वाढतात. पुढचे दात वाकडे दिसले तर खरा बिघाड बहुतेक वेळा मागे, दाढांत असतो : खालच्या दाढा आतल्या बाजूला झुकून जिभेवर कमान धरतात, मग जनावर खाद्याजवळ जातं, तोंडात धरतं आणि सोडून देतं. हनुवटी लाळेने ओली राहते. तुम्ही ओटोस्कोप, म्हणजे कान तपासायची दिव्याची नळी, आत घालून दाढा पाहिल्यात आणि स्वच्छ सांगितलंत, “या घासायला भूल लागते, तोंड उघडं धरायची खास साधनं लागतात, कवटीचा एक्स-रे लागतो. माझ्याकडे हे नाही. मी हात घालणार नाही.” पुण्याच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिलीत, त्यात दिलेल्या औषधांची नावं आणि तारखा. आणि जाताना एक बजावलंत : भूल द्यायच्या आधी रात्रभर उपाशी ठेवायला कुणी सांगितलं तर पुन्हा विचारा. गिनीपिगला उलटी होत नाही, त्यामुळे कुत्र्या-माणसांसारखा रात्रभरचा उपास त्याला लागत नाही. उपाशी ठेवला तर आतडी मंदावतात आणि ती परत सुरू करणं हेच मोठं काम होऊन बसतं. तोंडात घास राहू नये म्हणून तास-दोन तास खाद्य काढलं तरी पुरतं.

एक गोष्ट मुद्दाम लिहायची आहे, कारण शंका घेण्याचंही एक टोक असतं. मोबाइलवर वाचून आलेला माणूस प्रत्येक अनोळखी औषधाला घाबरतो. तुम्ही मुलांचं को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक सिरप लिहिलंत की तो म्हणतो, हे तर माणसाचं! पण गिनीपिगसाठी म्हणून वेगळी तयार केलेली औषधं जवळपास नसतातच. जगभरचे डॉक्टर दुसऱ्या जनावरांची आणि माणसांची औषधं मात्रा मोजून देतात, आणि हे सिरप गिनीपिगला चालणाऱ्या औषधांतलं आहे. एन्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन तसंच टोचण्याऐवजी तुम्ही ते पातळ करून दिलंत, कारण ते तसंच टोचलं तर कातडीखालचं मांस जळतं. खरजेच्या किड्यांसाठी आयव्हरमेक्टिनचं एक इंजेक्शन देऊन ‘झालं’ म्हटलं नाहीत. अंडी त्या औषधाने मरत नाहीत, म्हणून दहा-बारा दिवसांनी दुसरी मात्रा लागते, हे कारणासकट सांगितलंत. अनोळखी सल्ला आणि चुकीचा सल्ला यांतला फरक कारण विचारल्यावर कळतो. ज्याच्याकडे कारण असतं तो ते दोन वाक्यांत सांगतो आणि चिडत नाही. ज्याच्याकडे नसतं तो वर्षाची लस, दर महिन्याला जंताचं औषध आणि टॉनिकची बाटली विकतो. गिनीपिगला नेहमीची म्हणून कुठलीही लस लागत नाही, हे तरी सगळ्यांना माहीत असायला हवं.

बाकीच्या डॉक्टरांवर सरसकट राग काढणं बरोबर नाही, हेही तुमच्यामुळे समजलं. पशुवैद्यकाचं शिक्षण साडेपाच वर्षांचं, आणि त्यातला मोठा वाटा गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांचा. तो तसाच असायला हवा. खिल्लार बैलांच्या आणि पंढरपुरी म्हशींच्या या जिल्ह्यात माणसांचं पोट त्या जनावरांवर चालतं. रात्री-अपरात्री गोठ्यात अडलेली गाय सोडवणाऱ्या डॉक्टरला गिनीपिगची मात्रा तोंडपाठ नसेल तर त्यात लाज कसली? ‘मला माहीत नाही, बघून सांगतो’ म्हणायला लागतो तो सरळपणा. तो तुमच्याकडे आहे. कपाटातलं पुस्तक आमच्यासमोर काढलंत, पान उघडून बोट ठेवलंत, आणि तुमचा मान एका इंचानेही कमी झाला नाही. असा सरळपणा कुठल्याही टेबलापलीकडे दिसला, बँकेत, तलाठ्याकडे, शाळेत, तरी जीव शांत होतो. आपल्याला फसवलं जात नाहीये, एवढंच तर माणसाला हवं असतं.

कुत्र्यांनी भरलेल्या बाकांपासून आमचा पिंजरा तुम्ही आतल्या खोलीत हलवायला लावलात, तेही विसरलेलो नाही. भीती हे एक कारण, आणि दुसरं तुम्हीच सांगितलंत : कुत्र्यांच्या खोकल्यातला बोर्डेटेला जंतू गिनीपिगला लागला तर न्यूमोनिया होतो. घरी ससा आणि गिनीपिग एका पिंजऱ्यात ठेवू नका, हेही त्याच जंतूसाठी.

आता उन्हाळा येतोय. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि गिनीपिग २७-२८ अंशांच्या पुढे धापा टाकायला लागतो. तुम्ही सांगितल्याप्रमाणे शहाबादी फरशीचा तुकडा आणि कूलरची हवा, पण थेट अंगावर नाही आणि खालचा टॉवेल दमट राहू द्यायचा नाही, ही तयारी झाली आहे. लाळ गळायला लागली, आडवा पडला, तर कान आणि पाय साध्या पाण्याने ओले करायचे, बर्फ लावायचा नाही, आणि लगेच तुमच्याकडे यायचं, हे पिंजऱ्याशेजारी लिहून लावलंय.

एक विनंती आहे. टाळायच्या औषधांची यादी मराठीत मोठ्या अक्षरांत आम्ही तयार करतोय. एक प्रत तुमच्या दवाखान्यासाठी, बाकीच्या सात रस्ता, नवी पेठ, जुळे सोलापूर इथल्या मेडिकल दुकानांना आणि गिनीपिग विकणाऱ्यांना द्यायच्या आहेत. लॅमिनेशनचा खर्च आमचा. येत्या रविवारी कच्ची यादी घेऊन येतो. छापायच्या आधी ती तुमच्या नजरेखालून जायला हवी.

आपले कृतज्ञ,
होटगी रोडवरचं एक गिनीपिगवालं कुटुंब