फोनवर ठरलेलं कागदावर

प्रिय मित्रा,

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना ‘कम्युनिकेशन’मध्ये काय शिकवू, असं तू विचारलंस. आधी त्यांनाच विचार, नोकरीत संवाद कुठे लागेल? बहुतेक जण मुलाखत, पीपीटी आणि फाडफाड इंग्रजी सांगतील. आधी डिझाइन करायचं, मग ते छान बोलून दाखवायचं, असा त्यांचा समज. दोष त्यांचा नाही. कॉलेजात रिपोर्ट वाचणाऱ्या सरांना उत्तर आधीच ठाऊक असतं. साइटवर वाचणाऱ्याला ते ठाऊक नसतं आणि तो त्यावरून स्टील कापणार असतो.

म्हणून अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलमधला जोड फळ्यावर काढून दाखव. १९८१ साली तिथले दोन टांगते पूल कोसळून ११४ माणसं गेली. मूळ ड्रॉइंगमध्ये दोन्ही पूल छतापासून आलेल्या सलग रॉडवर होते. एवढ्या लांब रॉडवर आटे पाडणं गैरसोयीचं, म्हणून एका रॉडचे दोन झाले आणि खालचा पूल वरच्याच्या तुळईला लटकला. वरच्या पुलाखालच्या नटवर भार दुप्पट! स्टील बनवणाऱ्यांनी हा बदल डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरांना फोनवर विचारला होता की नाही, यावर नंतर दोन्ही बाजूंचं एकमत झालं नाही. शॉप ड्रॉइंगवर (कारखान्यात ज्यावरून भाग बनतात त्या ड्रॉइंगवर) मात्र इंजिनिअरांच्या मंजुरीचा शिक्का होता. (मूळ जोडही नियमाला कमीच पडत होता, हे सांगायला विसरू नकोस, सगळं खापर संवादावर फोडता येत नाही.)

मग एकच सराव घे: फोनवर ठरलेला बदल त्याच दिवशी ईमेलमध्ये उतरवणं. विषयात ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजन. पहिल्या ओळीत काय हवं, कुणाकडून, कधीपर्यंत. खाली जुनं माप, नवं माप, एकक, कारण आणि या बदलाने आणखी कशाला धक्का लागतो ते. ‘चर्चेनुसार’, ‘साधारण’, ‘लवकरात लवकर’ दिसलं की लाल पेन चालव. एककावरून कुरकुर झाली, तर नासाचं मंगळाकडे पाठवलेलं यान, मार्स क्लायमेट ऑर्बिटर, आहेच. १९९९ मध्ये एकांनी आकडे पौंड-सेकंदात दिले, दुसऱ्यांनी ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. फरक ४.४५ पट, यान गेलं.

ऐकण्याचं तर मुलांच्या गावीही नसतं. वेल्डरने मान डोलावली म्हणजे त्याला समजलं, असं नव्हे. ‘कळलं का?’ऐवजी ‘सुरुवात कुठून करणार, दाखवा’ म्हणायचं. मग वेल्डिंगची टॉर्च जोडाच्या आत शिरत नाही हे तिथल्या तिथे उघड होतं.

मार्क द्यायचेच असतील, तर एका गटाचं ड्रॉइंग दुसऱ्याला दे आणि तोंडी विचारायला बंदी घालून वस्तू बनवायला लाव. शंका लेखीच हव्यात. ती शंकांची यादी मला जरूर पाठव.

तुझा,
मित्र