बाबा, ती बीटल आपण घेत नाही आहोत

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगायला गेले की बाबा तुम्ही "बरं बरं" म्हणून फोन आईकडे देता आणि मुद्द्याचं राहूनच जातं, म्हणून लिहितेय. आई, तू हे त्यांना वाचून दाखव, ऑपरेशनला अजून महिना पण झाला नाहीये, डोळ्यांना ताण नको.

बाबा, काल मी त्या बीटल विकणाऱ्या माणसाला फोन करून सांगून टाकलं की ती जुनी फोक्सवॅगन आम्ही घेत नाही. तुम्ही त्याला "पक्कं" म्हणाला होतात हे माहीत असून, तुम्हाला न विचारता सांगितलं. आधी विचारलं असतं तर तुम्ही मला पटवलं असतं आणि मला पटलंही असतं, कारण ती गाडी बघताना तुमचा चेहरा कसा झाला होता ते मीच बघत होते. राग येणार हे गृहीत धरलंय. पण सगळं ऐकून मग रागवा.

तुम्ही त्याच्यासोबत कागद बघत होतात तेव्हा मी मागची सीट उचलली. चेसिस नंबर कुठे असतो ते मला कोणी शिकवलं? आठवतंय ना, आपल्या तेव्हाच्या बीटलची तीच सीट काढून तुम्ही मला आत बसवलं होतं, नंबरावर कागद धरला होता आणि म्हणत होतात, पेन्सिल आडवी धर, दाबू नको, हळूहळू येईल. आणि खरंच एकेक आकडा कागदावर उगवत गेला होता. तेव्हा मला ती जादूच वाटली होती. परवा पण बॅटरीचा तोच आंबूस वास आला आणि क्षणभर मला वाटलं घेऊनच टाकावी, नंबर-बिंबर गेला खड्ड्यात.

मग टॉर्च मारला. सगळ्या टनेलवर (आई, टनेल म्हणजे गाडीच्या तळाचा मधला उंच पत्रा, नंबर त्यावरच असतो) गंजाचे बारीक खड्डे, आणि नंबराच्या भोवती वितभर जागा मात्र एकदम गुळगुळीत, त्यावर जाड रंग. नऊ आकडे होते, पण एका ओळीत नव्हते, शेवटचे तीन खाली उतरलेले आणि जास्त खोल. मी फ्रिजवरचं ते छोटं मॅग्नेट मुद्दाम पर्समध्ये टाकून नेलं होतं (आई, ते माझ्याकडे आहे, शोधू नकोस). ते टनेलवर सगळीकडे टपकन चिकटत होतं पण त्या गुळगुळीत जागेच्या कडेकडेने घसरून पडत होतं. म्हणजे तिथे पत्र्यावर पुट्टी आहे. नखाने चाचपलं तर पुट्टीखाली उंचवटा लागतो, चारी बाजूंनी, चौकोनी. तो तुकडा नंबरासकट दुसऱ्या गाडीतून कापून इथे वेल्ड केलाय, या गाडीची खरी ओळख लपवायला, असं मला वाटतं. पुढे स्टेपनीमागची नंबराची पट्टी पण बघितली, तिच्यावर तोच नंबर आहे, पण पट्टी जुनी आणि रिव्हेट नवेकोरे.

मी उगाच शंका घेत नाहीये हो. इंजिनाचा नंबर कागदाशी जुळत नाही हे त्याने स्वतःहून सांगितलं आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही. चेसिस नंबर ११६ ने सुरू होतो, म्हणजे तिसरा आकडा ६, १९६६ चं मॉडेल, आणि इंजिनाच्या नंबरात एच अक्षर आहे म्हणजे ते नंतरचं, १५०० सीसीचं. इंजिनं काय, लोक बदलतातच, आपण नव्हतं बदललं? त्याने फार तर किंमत कमी होते. बीटलची बॉडी बोल्ट काढून चेसिसवरून उचलता येते, म्हणून एकीची बॉडी दुसरीच्या चेसिसवर असणं पण नवीन नाही. गंजलेला पत्रा कापून कोणी प्रामाणिकपणे दुरुस्ती केली असेल असंही मी स्वतःला सांगून बघितलं. पण मग तो सांगेल ना, फोटो दाखवेल, गॅरेजवाल्याची पावती दाखवेल. मी फक्त पेन्सिलने प्रिंट घेऊ का विचारलं तर म्हणाला जुन्या गाड्यांत असं बघत नाहीत, दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय. त्या एका वाक्यावर माझा निर्णय झाला.

कारण बाबा, गाडी चोरीची निघाली तर आपण चांगल्या मनाने घेतली होती याला अर्थ राहत नाही, गाडी जप्त होते, पैसे गेलेले असतात, अपघात झाला तर इन्शुरन्सवाले नंबरावर बोट ठेवून हात वर करतात. आणि गाडी तुमच्या नावावर होणार होती. आयुष्यभर कोणाचा एक रुपया ठेवला नाहीत तुम्ही, आणि या वयात कोणासमोर खुर्चीत बसून तुम्हाला उत्तरं द्यायला लागली तर ते मला सहन नाही होणार. तुम्हाला ते दिसलं नाही यात डोळ्यांचा काही संबंध नाही, सीटच उचलली नव्हती, आणि तिथे उजेडही कमी होता.

आपली गाडी का विकावी लागली ते मला माहितीये. तुम्ही कधी बोलला नाहीत तरी माहितीये. म्हणूनच तुम्हाला ही मिळावी असं सगळ्यात जास्त मला वाटत होतं.

दुसरी शोधू. २००३ पर्यंत दोन कोटींच्या वर बीटल बनल्यात, आपल्या वाट्याला एक धड येईलच. यावेळी आधी नंबर मागायचा, मग गाडी बघायला जायचं. वोल्फ्सबर्गला फोक्सवॅगनचं म्युझियम आहे, ते चेसिस नंबरावरून गाडीचा जन्मदाखला देतात, कधी बनली, मूळ रंग कुठला, सगळं. ते मी करते.

तोपर्यंत माझी गाडी तुमच्याकडेच ठेवतेय, मला इथे बसने सोपं पडतं, खरंच. डॉक्टरकडे तिनेच जा, ड्रायव्हरला मी सांगून ठेवलंय, मागे आईची पाठीची उशी ठेवलीये आणि एसीची हवा तोंडावर येणार नाही असं वळवलंय. आई, तुझ्या गुडघ्यांना तसंही बीटलमध्ये मागे चढायला झालं नसतं.

आता ऐका. तो माणूस फोन करेल, किंमत कमी करेल. उचलू नका. तुम्ही त्याला कोऱ्या फॉर्मवर सही करून दिली असेल तर मला आजच सांगा, मी ओरडणार नाही. ड्रॉप्स चार वेळा म्हणजे चार वेळा. वाकून गाडीखाली बघायचं नाही, कोणाच्याच.

आणि बाबा, आपला तो पेन्सिलचा प्रिंट तुमच्या हिरव्या डायरीत असेल बहुतेक, ११५ ने सुरू होणारा. मला तो हवाय, कंपनीतून पंच केलेले आकडे कसे सरळ असतात ते दुसरी गाडी बघताना शेजारी धरायला. डायरी वरच्या कप्प्यात आहे, स्टुलावर चढू नका, मी रविवारी येऊन काढते.

तुमची,
छकुली